दोन उजवे हात

सुशीलाबाईचं बोट पहिल्यांदा अडकलं ते आषाढात, सकाळी तोंड धुताना. उजव्या हाताचं मधलं बोट. झोपेत मूठ मिटलेली होती. बाकीची बोटं उघडली, हे एक तळव्याला चिकटून राहिलं. तिनं डाव्या हातानं ते वर ओढलं. टक्कन आवाज झाला, मनगटापर्यंत कळ गेली आणि बोट सरळ झालं. तिनं हात झटकला आणि चुलीकडे वळली. सत्तावन्न वर्षांच्या बाईचं काही ना काही दुखतच असतं, एका बोटाचं काय घेऊन बसायचं!

आणि बसायला सवड होती कुठं? आत खाटेवर खेमराज होता.

खेमराज म्हणजे तिचा नवरा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं ते तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं गाव. गावच्या जुन्या तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचं आणि नंतर कोणाच्या, हे वीस वर्षं खेमराजनं पाहिलं. तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा राहून तो हाक मारायचा तेव्हा शेवटच्या बांधीतला माणूस मान वर करायचा. बाहेर असा गडगडणारा माणूस घरात आला की मोजून बोलायचा. "पानी." "ताट." "चूप." लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत दोघं समोरासमोर बसून बोलली असतील असे प्रसंग सुशीलाबाईला आठवून आठवून सांगावे लागले असते.

तीन वर्षांपूर्वी तो पाळीवरच कोसळला. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. नागपूरच्या दवाखान्यात वीस दिवस काढून तो घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द, 'हो' या अर्थाचा, शिल्लक होता – "हव." भूक लागली तर हव, पोट भरलं तर हव, पाणी पाहिजे तर हव, नको असलं तरी हव. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. पण ते ऐकून घ्यायला मुलगी रीता होती. सुशीलाबाई तेव्हा त्याच्या जेवणाच्या डब्याच्या मागं धावत होती.

घरी आल्यापासून सगळं तिच्याच अंगावर पडलं. रीता वडशाला दिलेली, तिचा नवरा शाळेत मास्तर, दोन मुलं. ती दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची, रडायची आणि जायची. सुशीलाबाई रडत नसे आणि बोलतही नसे. सकाळी उठवायचं, बसवायचं, न्हाणीत न्यायचं, पुसायचं, कपडे चढवायचे, पेज भरवायची. सारं मुक्यानं. ज्यानं आयुष्यभर चूप म्हटलं त्याच्याशी आता काय बोलायचं, हे तिला सुचतच नव्हतं. उठवताना ती त्याचा उजवा हात धरायची. डावा हात तो आखडून घ्यायचा, कधी झटकायचा. उजवा लुळा, धरला तसा निमूट यायचा. मनगटाच्या वर पक्की मूठ आवळायची आणि एका हिसक्यात त्याला बसतं करायचं. तो "हव! हव!" करून ओरडायचा. हव तर हव, असं मनात म्हणत ती त्याला खुर्चीत लोटायची.

भादव्यापर्यंत बोट दिवसातून दहा वेळा अडकायला लागलं. विळी धरता येईना, फडकं पिळता येईना. रीतानं हट्टानं गोंदियाला नेलं. डॉक्टरनं तळहातात बोटाच्या मुळाशी दाबलं तेव्हा वाटाण्याएवढी गाठ लागली आणि सुशीलाबाई खुर्चीतून अर्धी उठली. "ट्रिगर फिंगर," डॉक्टर म्हणाला. "बोटाची शीर ज्या नळीतून जाते ती आवळली आहे. तुम्हाला शुगर आहे, त्यात हातानं ओढायचं काम. एक इंजेक्शन देतो. हाताला आराम द्या." इंजेक्शननं दोन महिने बरं वाटलं. आराम मात्र देता आला नाही.

कार्तिकात, धान कापणीच्या दिवसांत ते घडलं. सकाळची वेळ. शेजारपाजारची माणसं शेतावर गेलेली. सुशीलाबाईनं नेहमीसारखा खेमराजचा हात धरला, अंगाचं वजन मागं टाकलं आणि ओढलं. तो अर्धा उठला असेल नसेल, तिच्या बोटात सुरी फिरवावी तशी कळ उठली आणि मूठ सुटली. खेमराज तोंडावर आदळला. खाटेचा खूर कपाळाला लागला. रक्त बघून ती हाका मारत अंगणात धावली. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी सांभाळत घरीच राहिलेली शेजारीण रुख्मा तेवढी होती. दोघींनी मिळून त्याला वर घेतलं. कपाळाला चार टाके पडले. सुशीलाबाईचं बोट त्या दिवशी अडकलं ते अडकलंच, ओढूनही उघडेना.

संध्याकाळच्या बसनं रीता आली. बापाचं कपाळ पाहिलं, मग आईचा हात हातात घेतला.

"आई, हे बोट तुटून खाली पडंल तवा सांगशीन का मले?"

"मी दवाखान्यात जाऊन पडली त तुह्या बाबाले कोन पाहील?"

"ते मी पाहीन. तू आपरेशन करून घे."

रीतानं फोन फिरवले. नागपूरच्या दवाखान्यात खेमराजच्या वॉर्डात काम करणारा एक माणूस तिच्या लक्षात होता, गोवर्धन मडावी. दरेकशाचा. आई वारल्यावर तो नोकरी सोडून गावी परतला होता आणि नव्या कामाच्या शोधात होता. दोन महिने येतो म्हणाला. चाळिशी ओलांडलेला, काळा, काटक, केसांना चपचपीत तेल लावलेला माणूस एक पिशवी घेऊन ओसरीवर, सपरीत येऊन उभा राहिला. त्याला पाहून खेमराजनं मान उचलली. "पयचानले का, काकाजी?" गोवर्धन म्हणाला. खेमराज म्हणाला, "हव." आणि त्या हवमध्ये काहीतरी वेगळं होतं, एवढं सुशीलाबाईच्याही ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी अर्जुनीहून सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेल्या. आपरेशन म्हणून सुशीलाबाईनं मनात काय काय रंगवलं होतं, पण ती आडवी झाली आणि फार तर वीस मिनिटांत सारं आटोपलं. दंडाला पट्टा आवळला, तळहातात भुलीची सुई टोचली, तेवढंच काय ते दुखलं. पुढचं तिला दिसत नव्हतं, मधे हिरवं कापड होतं. कोणीतरी आपला तळवा उसवतंय आणि आपल्याला कळत नाहीये, ही गोष्ट तिला दुखण्यापेक्षा भ्यायला लावणारी वाटली. मग डॉक्टर म्हणाला, "आता बोट वाकवा." तिनं वाकवलं. "उघडा." बोट उघडलं. न अडकता, न टकटकता. "अम्मा, हो गया," डोक्याशी उभी असलेली नर्स म्हणाली.

निघताना डॉक्टरनं बजावलं. टाके निघेपर्यंत हात कोरडा. हात खाली लोंबू द्यायचा नाही. बोटं मात्र आजपासूनच हलवायची, नाहीतर आखडून बसतील. आणि दीड महिना वजन उचलायचं नाही. "माणूस तर अजिबात नाही," तो म्हणाला. रीतानं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

चार दिवसांनी रीता वडशाला परतली. उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधून सुशीलाबाई सपरीत बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती अशी कधी बसली नव्हती. कणीक रुख्मा भिजवून द्यायची, भात गोवर्धन शिजवायचा. हिला करायला काही नव्हतं. बघायला मात्र भरपूर होतं.

त्याच दिवशी दुपारी गोवर्धननं आतून हाक मारली.

"काकी, जरा इकडं या जी."

खेमराज खाटेच्या कडेला बसला होता. अंगात सदरा नव्हता. गोवर्धन त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला होता.

"काकाजीले उठवत कसे होते तुमी?"

"कसे म्हंजे? हाताले धरून."

"कोन्त्या हाताले?"

तिनं बांधलेल्या हातानं खेमराजच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. गोवर्धननं तो लुळा हात कोपराखाली आधार देऊन जरा वर उचलून धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं खांद्याच्या हाडाखाली ठेवली. तिथं खड्डा होता. दोन बोटं बसतील एवढा खड्डा. तीन वर्षं रोज ज्याला आंघोळ घातली त्या अंगावरचा तो खड्डा सुशीलाबाईनं कधी पाहिला नव्हता.

"खांदा उतरला हाय," गोवर्धन म्हणाला. "आजचा नाही. लय जुना."

"त्या हाताले तर काई समजत नाही ना. लकवा हाय त्याले."

"हात हालत नाही, काकी. दुखते तर."

"मंग ते ओरडत काऊन नव्हते?"

शब्द तोंडातून गेला आणि ती तिथंच थांबली. रोज सकाळी. एकही सकाळ न चुकता. हव, हव. तिनं खेमराजकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिथं राग नव्हता. मार खाऊन खाऊन सवय झालेल्या बैलाच्या डोळ्यांत असतं तसं काहीतरी होतं.

गोवर्धननं तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तिची झोळी केली आणि हात गळ्यात अडकवला. "आता ह्या हाताले ओढायचं नाही. काखेतून धरायचं. मी दाखवीन," तो म्हणाला. आणि बाहेर जाता जाता, तिच्याकडे न बघता, "रीताताईले मी काई सांगत नाही."

तिनं त्याला तसं विनवलं नव्हतं. त्यानं न मागता दिलेलं ते अभय तिला जास्त लागलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तळहात ठणकत होता. गोळी घ्यायची तिला आठवण झाली, पण तिनं घेतली नाही.

पुढचे दिवस ती बसून पाहत राहिली. गोवर्धन प्रत्येक गोष्ट आधी सांगायचा. "काकाजी, अब पाय उचलून राहिलो." "पानी टाकतो आता, गरम हाय, पहा." "कूस बदलवतो, एक, दोन, तीन." सांगून झाल्यावर जरा थांबायचा आणि मगच हात लावायचा. त्या थांबण्यात खेमराज स्वतःला सावरून घ्यायचा, डाव्या हातानं खाटेची कड धरायचा. हवचे प्रकार गोवर्धनला आठ दिवसांत कळले. लांबवलेला हव म्हणजे नको. तुटका म्हणजे पाहिजे. दोनदा आला तर दुखतंय.

दोनदा आला तर दुखतंय. सुशीलाबाई उठून घरामागच्या सांदवाडीत गेली आणि पपईच्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिली.

खेमराज बदलत गेला. रोज दाढी, भांग पाडलेला. गोवर्धननं गावातल्या अंगणवाडीबाईकडून चाकाची खुर्ची मिळवली आणि त्याला तलावाच्या पाळीवर न्यायला लागला. लोक भेटायचे, "रामराम जी" म्हणायचे. एका दुपारी सुशीलाबाईला आतून हसण्याचा आवाज आला. तिला वाटलं गोवर्धनच असेल. डोकावली तर खेमराज हसत होता, वाकड्या तोंडानं, लाळ गाळत, पोट हलवून. गोवर्धन त्याला आपल्या गावच्या स्टेशनमास्तरच्या बकरीची कसलीशी गोष्ट सांगत होता. तिची सावली दारात पडली तसं खेमराजचं हसू बंद झालं.

तिला राग आला. परका माणूस, डोंगरातून येतो काय, आणि तीन वर्षं हगणं-मुतणं काढणारी मी दारात आले की यांचं तोंड मिटतं! मग त्या रागाचीच लाज वाटली. ही दोन्ही तिच्या पोटात एकाच वेळी राहत होती आणि कोणाजवळ बोलावं तर रुख्माजवळही तिला बोलता आलं नाही.

बाराव्या दिवशी टाके निघायचे होते. शुगरमुळे जखमेची एक कड ओली राहिली. डॉक्टर चिडला, गोळ्या बदलून दिल्या, आणखी आठ दिवस पट्टी. नंतर पट्टी सुटली तेव्हा बोट अडकत नव्हतं, पण वाकतही नव्हतं. लाकडी खुंटीसारखं ताठ. व्रण दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. गोवर्धननं तिलाही धारेवर धरलं. कोमट पाण्यात हात, खोबरेल तेलानं व्रण चोळायचा, मग कणकेचा गोळा दाबायचा.

"काकी, मूठ बांधा. दुखंल थोडं. आता उघडा. दहा येळा."

"तुले कंटाळा नाही का येत रे, बाबू, एवढं बोल्याचा?"

"न बोलता हात लावला त मानूस गोठ्यातलं ढोर होते, काकी," तो सहज म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "तुमाले नाही म्हनत मी."

"म्हन. खरं हाय ते."

पौष संपत आला तेव्हा तिची मूठ पुरती मिटायला लागली होती. आणि तेव्हाच गोवर्धनला राजनांदगावच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. कायमचं काम होतं. त्यानं चार दिवस मागून घेतले आणि सुशीलाबाईला शिकवलं. पाठीमागून काखेत हात घालायचे, गमछा कमरेभोवती घ्यायचा, आपले गुडघे वाकवायचे, आधी सांगायचं, मग उचलायचं. तिनं त्याच्या देखत केलं. हातानं साथ दिली. बोटात कळ नाही, काही नाही. पण तिचे हात लागताच खेमराजचं सगळं अंग ताठ झालं. मान आत ओढली गेली. गोवर्धननं ते पाहिलं आणि तिनंही पाहिलं.

"होईन सवय," तो म्हणाला.

जायच्या सकाळी खेमराजनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं ते सोडेचना. अर्जुनीच्या गाडीची वेळ होत होती. शेवटी गोवर्धननंच एकेक बोट हळू सोडवलं. "काकाजी, आता मी जातो," त्यानं नेहमीसारखं सांगितलं, जरा थांबला आणि निघाला.

त्या दिवशी आंघोळीच्या वेळी सुशीलाबाईनं बोलायचं ठरवलं होतं. "आता पानी टाकतो" एवढंच म्हणायचं होतं. कधी न केलेलं सोंग आपण आता करतोय असं तिला वाटलं. आवाज निघाला तोही असा की एखाद्या लहान पोराला दटावावं. खेमराजनं डोळे मिटून घेतले. पेज भरवायला घेतली तर दात घट्ट. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी चार घोट पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी भात कालवून तिनं घास त्याच्या तोंडाशी नेला, त्यानं तोंड उघडलं, तिला बरं वाटलं, आणि त्यानं तिचं बोट चावलं. मधलं बोट. जोरात.

तिनं हात मागं घेतला नाही. दात रुतलेलेच होते आणि ती बोलायला लागली. अडतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"चावा! तोडून टाका जी! मले का मालूम होतं? तुमी मले कवा काई सांगतलं? बोलली त चूप, इचारलं त चूप. नणदेच्या लग्नात माह्या भावायच्या समोर थापड मारली, ते आठवते का? भाजीत मीठ जास्त झालं म्हून. तवा मी ओरडली का? मी बी गपच राहिली. मले वाटलं असंच राहत असते घरात. मले वाटलं त्या हातात जीवच नाही. मी मुद्दाम नाही केलं. मी..."

इथं ती अडली. मुद्दाम नाही केलं, हे पुन्हा म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिला त्या काही सकाळी आठवल्या. बोट ठणकत असायचं, रात्रभर झोप नसायची, आणि हिसका गरजेपेक्षा जोरात बसायचा. बसू द्यायची ती.

"एकदा-दोनदा केलं असंन," ती हळू म्हणाली. "जास्त बी असंन."

खेमराजचे दात सुटले. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं. उजव्यातून नेहमीच ओघळायचं. तो तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. तो काहीच म्हणाला नाही, हवसुद्धा नाही. सांडलेला भात तिनं गोळा केला, बोटावरचं रक्त पदराला पुसलं, नवा घास केला. त्यानं तोंड उघडलं आणि गिळलं.

त्यानंतर तो खायला लागला, पण निम्मंच. ती रोज सांगून हात लावायला लागली. आवाज हळूहळू माणसासारखा झाला. कधी गावातलं काहीबाही सांगायची, तलावात यंदा पाणी किती उतरलं, कोणाच्या घरी पोरगी झाली. तो ऐकायचा. हसला मात्र नाही. तिचा हात लागण्याआधी त्याचं अंग आखडायचं ते शेवटपर्यंत आखडत राहिलं. तिनं खांद्याला कधी धक्का लागू दिला नाही, तरीही. शरीर ऐकत नाही सांगितलेलं, हे तिला कळलं. बोटालाही दीड महिना लागला होता. हे तर तीन वर्षांचं होतं.

माघात त्याच्या छातीत कफ भरला. अर्जुनीच्या दवाखान्यात पाच दिवस ठेवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं तेव्हा काय ते सगळ्यांनाच समजलं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, दुपारी, जवळच्या प्रतापगडच्या महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या रस्त्यावरून वाजतगाजत जात होत्या, तेव्हा तो गेला. सुशीलाबाई पाणी गरम करायला चुलीशी होती. "आली हं मी" असं सांगून गेली होती.

दहाव्याचं झालं, पाहुणे पांगले. रीता आणखी चार दिवस राहणार होती. दुपारी दोघी बापाचे कपडे घडी करत होत्या. रीता म्हणाली, "तू लय केलं, आई. कोनी एवढं करत नाही."

हे वाक्य सुशीलाबाईनं सोसलं असतं तर सगळं नीट राहिलं असतं. गावात सगळेच ते म्हणत होते आणि ती ऐकून घेत होती. पण पोटच्या पोरीच्या तोंडून ते ऐकवलं नाही. तिनं सदरा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. खांद्याचं. ओढण्याचं. हव-हवचं. जोराच्या हिसक्यांचंही.

रीताचे हात घडीवरच थांबले.

"गोवर्धनभाऊले मालूम होतं?"

"होतं. त्यानंच दाखवलं."

"मी फोन करत होती सकाळी," रीता म्हणाली. "मागं बाबाचा आवाज याचा. मी तुले इचारत होती, बाबा काऊन ओरडून राहिले. तू म्हनाची, पानी थंडं लागलं असंन."

"मले तसंच वाटाचं."

"डॉक्टरनं सांगतलं होतं, बाबाले सगळं समजते. मी तुले सांगतलं होतं, आई."

"सांगतलं असशीन. माह्या डोक्यात नाही राहिलं."

रीतानं हातातली घडी पूर्ण केली. मग उठली, तोंड धुऊन आली आणि मोबाईलवर बसची वेळ बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भांडली नाही, रडली नाही. पाया पडली आणि गेली. बापाचा एक सदरा तिनं पिशवीत घातलेला सुशीलाबाईनं पाहिला.

पुढं महिनाभर फोन जावयाचे आले. गोळ्या घेता का, शुगर तपासली का. रीता कामात आहे, असं तो दर वेळी सांगायचा. सुशीलाबाई रुख्माबरोबर लाखोरीच्या डाळीचं पीक उपटायला शेतावर जायला लागली. उकिडवं बसून, मुळापासून मूठ भरून झाड ओढायचं काम. हातानं तक्रार केली नाही. बायका विचारायच्या, "बोट कसं हाय?" ती म्हणायची, "बरं हाय," आणि पुढच्या ओळीला सरकायची. बांधीत बायकांच्या गप्पा चालायच्या. तिच्या वाट्याला शब्द आला तर ती उत्तर द्यायची, नाही आला तर नाही.

चैत्रात एका संध्याकाळी रीताचा स्वतःचा फोन आला. मुलांच्या परीक्षा संपल्या, म्हणाली. उन्हाळा भयंकर आहे, म्हणाली. आईनं विचारलं, "येशीन का सुट्टीत?" सासूची तब्येत बरी नाही, पाहते, म्हणाली. दोन मिनिटं बोलणं झालं असेल.

सुशीलाबाईनं फोन ठेवला आणि गाय आत बांधायला अंगणात गेली.